गंधार कुणी लावला?

संगीत, ज्ञान आणि संस्कृती : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

मुलगी गाणं शिकते. तिचे गुरुजी म्हणतात, ‘तंबोऱ्यात गंधार ऐकू येईपर्यंत आ लावू नकोस.’ पण तंबोऱ्याला चारच तारा. एक पंचमाची (प), बाकी तिन्ही षड्जाच्या (सा). गंधाराची तारच नाही! मग हा गंधार खरा, की श्रद्धेचा? आणि फोनवरच्या तंबोऱ्यावर का भागत नाही? (सांगली)

गंधार, म्हणजे सा रे गमधला ग, खरा आहे. तो तुम्हाला बोटाने पकडूनही दाखवता येईल. तंबोऱ्याची खर्जाची, म्हणजे सर्वांत खालच्या षड्जाची तार घ्या. घोडीच्या, म्हणजे भोपळ्याकडच्या ज्या तुकड्यावर तारा टेकतात त्याच्या, कडेपासून वर तारा जिथे टेकतात त्या पट्टीपर्यंत तिची लांबी मोजा. समजा ती ८० सेंटिमीटर भरली. तिचा पाचवा भाग १६ सेंटिमीटर. वरच्या टोकापासून १६ सेंटिमीटरवर डाव्या हाताचं बोट तारेला नुसतं टेकवा, दाबू नका. उजव्या हाताने तार छेडा आणि लगेच बोट उचला. खर्ज नाहीसा होतो आणि बासरीसारखा बारीक, स्वच्छ गंधार वाजतो. नाही वाजला तर बोट एकदोन मिलिमीटर पुढेमागे सरकवून पाहा.

कारण असं की तार नुसती अखंड हलत नाही. ती एकाच वेळी अर्ध्यात, तिसऱ्या भागात, चौथ्या, पाचव्या भागातही हलत असते. मुलीची पट्टी, म्हणजे तिचा षड्ज, काळी चार (पेटीवरची चौथी काळी) धरली तर खर्ज सेकंदाला सुमारे १०४ कंपनांचा येतो. त्याची पाचपट ५१९. तार षड्ज, म्हणजे वरच्या सप्तकातला सा, ४१५चा, आणि ४१५ची सव्वापट म्हणजे तेच ५१९, अर्थात तार सप्तकातला गंधार. पंचमाच्या तारेचंही तसंच. तिच्या तिसऱ्या भागातून तार सप्तकाचा रिषभ निघतो आणि पाचव्या भागातून निषाद. म्हणजे यमन रागातले रे, ग, नी हे तिन्ही स्वर तंबोऱ्यात आधीच हजर असतात.

असे स्वर प्रत्येक तारेत असतात, पण गिटारमध्ये ते इतके पुढे येत नाहीत. तंबोऱ्यात येतात ते घोडीमुळे. तिचा माथा धारदार नसतो. तो रुंद आणि अगदी किंचित उतरता असतो, त्यामुळे हलणारी तार त्याला सतत चाटत राहते. सी. व्ही. रामन यांनी १९२१मध्ये वीणा-तंबोऱ्याच्या घोडीवर लिहिताना नेमकी हीच गोष्ट दाखवली. साध्या तारेत ज्या जागी छेडावं तिथल्या काही उपस्वरांनी गळायला हवं, आणि तंबोऱ्यात तेही ऐकू येतात.

आता लावण्याचा क्रम. आधी जोडीची, म्हणजे मधल्या दोन सारख्या तारांपैकी एक तार पट्टीला मिळवा, मग दुसरी जोड तिच्याशी. दोन्ही एकदम छेडल्यावर आवाज ‘वाँव-वाँव’ असा डोलतो. तो डोल हळूहळू लांबत जाऊन थांबला पाहिजे. त्यानंतर खर्ज, शेवटी पंचम. स्वरावर नेहमी खालून चढत या. वर गेलेली तार तशीच उतरवून ठेवली की ती थोड्या वेळाने आणखी उतरते. खुंटी फिरवताना आत दाबत फिरवा. शेवटची बारीक दुरुस्ती मण्याने करा, खुंटीने नको. चारही तारा मिळाल्या की जीव लावायचा, म्हणजे तार आणि घोडी यांच्यामधला दोरा. तो केसभर सरकवत जा. एका जागी आवाज बद्द असतो, पुढे तो फुलतो, त्याहून पुढे गेलं की तार झणझणते. फुलतो तिथे थांबा आणि सूर पुन्हा तपासा, कारण जीव हलवताना तार थोडी चढते-उतरते. दोरा जाड झाला तर तार घोडीवरून उचलली जाते आणि काही केल्या जवारी, म्हणजे घोडीमुळे येणारा तो फुललेला आवाज, खुलत नाही. अशा वेळी लोक घोडी घासायला काढतात, ते करू नका. आधी दोरा बदलून पाहा. जवारी काढणं हे मिरजेतल्या कारागिरांचं काम आहे, सांगलीहून तुम्हाला ते दूरही नाही.

फोनच्या बारक्या स्पीकरला १०४ कंपनांचा खर्ज नीट पेलत नाही. वरचे स्वर ऐकू येतात, पण त्यांचा पाया कानावर येत नाही. प्रवासात, किंवा घरात तंबोरा नसेल तेव्हा जरा मोठ्या स्पीकरवर तो लावायला हरकत नाही. फरक दुसरीकडे आहे. फोनवर स्वर मिळालेला मिळतो, मिळवावा लागत नाही. जोडीचा डोल थांबवताना कान जे शिकतो ते गाण्यातलं पहिलं ज्ञान आहे. तारेत गंधार आहे हे पदार्थविज्ञानाला ठाऊक आहेच, मुलीच्या कानाला तो ठाऊक होणं ही वेगळी गोष्ट. गुरुजींच्या वाक्यात श्रद्धा असेल, पण आधी ती परीक्षा आहे. गंधार ऐकू येत नसेल तर जवारी बंद आहे, किंवा षड्ज खोटा आहे, किंवा कान अजून तिथवर पोचलेला नाही. तिन्ही परिस्थितींत आ लावण्यात अर्थ नाही.

बावीस श्रुती खऱ्या आहेत का? आंतरजालावर तक्ते मिळतात, त्यात प्रत्येक श्रुतीचं नाव आणि नेमकी कंपनसंख्या दिलेली असते. गवई खरंच तेवढं मोजून गातात? (पुणे)

मोजून कुणी गात नाही. तरी म्हणून श्रुती, म्हणजे सप्तकातली स्वरांची बारीक अंतरं, खोट्या ठरत नाहीत. तक्त्यांनी एका जुन्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याच प्रश्नाला जोडलं, गोंधळ तिथून सुरू झाला.

‘नाट्यशास्त्र’ या प्राचीन ग्रंथात भरतमुनी जे सांगतो ती एक कृती आहे. दोन वीणा घ्या, दोन्ही सारख्या लावा. एक अचल ठेवा, दुसरी उतरवत जायची. त्या वीणेला पडदे नव्हते, एका तारेला एक स्वर होता, हे ध्यानात ठेवलं तर पुढचं सोपं जातं. चल वीणेचा पंचम एका श्रुतीने उतरवा आणि बाकीचे स्वर त्याच्याशी पूर्वीच्याच नात्याने लावून घ्या. सगळी वीणा एका श्रुतीने खाली आली. असंच दुसऱ्यांदा केलं की चल वीणेचे ग आणि नी अचल वीणेच्या रे आणि ध यांच्याशी मिळतात. तिसऱ्यांदा केलं की रे-ध हे सा-पशी मिळतात. चौथ्यांदा सा, म, प हे नी, ग, मशी. म्हणजे ग आणि नी यांच्या वाट्याला दोन-दोन श्रुती, रे-धच्या वाट्याला तीन-तीन, सा-म-पच्या वाट्याला चार-चार. ४+३+२+४+४+३+२ ही बेरीज बावीस होते.

या सगळ्यात कंपनसंख्या कुठेच नाही. दोन स्वरांमधलं अंतर कानाने ताडून पाहण्याची ही रीत आहे. शिवाय भरताचं मूळ सप्तक आजच्या बिलावलसारखं नव्हतं, ते काफीच्या जवळचं होतं. तेव्हा आजच्या हार्मोनियमच्या पट्ट्यांवर ‘ही तीव्रा, ही कुमुद्वती’ अशी लेबलं लावताना बरंच काही मागाहून जुळवून घ्यावं लागतं.

आकड्यांत पाहा. एका सप्तकाचे १२०० सेंट धरतात, म्हणजे हार्मोनियमच्या दोन शेजारच्या पट्ट्यांत १०० सेंट. सप्तकाचे बावीस सारखे भाग केले तर एक भाग साडेचोपन्न सेंटचा येतो. पण शुद्ध गुणोत्तरांच्या हिशेबाने प्रमाणश्रुती, म्हणजे भरताने पंचम उतरवला तेवढं अंतर, साडेएकवीस सेंटच्या आसपास भरते. दोन हिशेबांत दुपटीहून जास्त तफावत. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१०मध्ये बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, पुढे क्लेमेंट्स या ब्रिटिश अधिकाऱ्याबरोबर श्रुतींच्या हार्मोनियमपर्यंत काम नेलं, आणि १९१६च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत त्यावर वाद झाला. त्या मंडळींची चिकाटी मोठी होती. अडचण एवढीच, की गळा एका जागी उभा राहत नाही. नझीर जैराजभॉय आणि स्टोन यांनी १९६३मध्ये कलावंतांचे स्वर यंत्राने मोजले. एकाच रागातला एकच स्वर कलावंतागणिक बदलतो, आणि एकाच कलावंताच्या एकाच मैफलीतही बदलतो, असं त्यांना आढळलं.

तर मग खरं काय? तोडीचा गंधार बागेश्रीच्या गंधारापेक्षा उतरलेला लागतो, हे खरं. दरबारीचा गंधार एका जागी नसतोच, तो रिषभाकडून वर जातो आणि झुलत राहतो. त्याची ‘नेमकी’ कंपनसंख्या विचारणं म्हणजे झोक्याची नेमकी जागा विचारणं. श्रुतीची ओळख करून घ्यायची तर तक्ता बाजूला ठेवा. खर्ज-जोडीवर बागेश्रीचा ‘म ग रे सा’ दहा मिनिटं म्हणा, मग तोडीचा ‘ध म ग रे सा’, त्यात मध्यम तीव्र आणि रिषभ-धैवत कोमल. दोन्हींमधल्या गंधारावर थांबून, दुसऱ्याचा गंधार पहिल्यात घालून पाहा. तो जिथे बोचतो तिथे श्रुती कळली.

भूप आणि देसकार यांत सारखेच पाच स्वर : सा रे ग प ध. मग त्यांना दोन राग का म्हणायचं? राग म्हणजे नेमकी काय वस्तू आहे? आणि संगणकाला तो ओळखता येईल का? (नाशिक)

‘तार’ आणि ‘रात’ यांत सारखेच त, आ, र आहेत. पण रागाचं प्रकरण शब्दापेक्षा खोल आहे, कारण रागात स्वरांचा क्रमच नव्हे तर त्यांचं वजनही ठरलेलं असतं.

भूपात गंधार वादी (रागाचा मुख्य स्वर), धैवत संवादी (त्याखालोखाल महत्त्वाचा), वेळ संध्याकाळची. ‘सा रे ग, प ग, ध प ग, रे सा’ हे बोलून पाहा. प्रत्येक वाक्य गंधाराकडे परततं. धैवतावर फार रेंगाळलात की राग डगमगतो. देसकारात धैवत वादी आणि सूर चढलेला, सकाळचा. ‘सा, ध, प, ग प ध प, ग रे सा’. इथे वाक्य पंचम-धैवताच्या परिसरात राहतं आणि आरोहात रिषभ जवळजवळ वगळला जातो. शिकणाऱ्याचं चुकतं ते नेहमी एकाच जागी. देसकार गाताना उतरताना गंधारावर दम घेतात. तेवढ्या एका थांब्याने भूप येऊन बसतो. उपाय साधा आहे : आठवडाभर देसकारात गंधारावर थांबायचंच नाही, त्याला पायरीसारखं ओलांडायचं, आणि प्रत्येक वाक्य पंचमावर संपवायचं. मारवा, पूरिया, सोहनी या तिघांचंही असंच. सहाच्या सहा स्वर तेच. मारव्यात रे-ध, पूरियात मंद्रातली ग-नीची बैठक, सोहनीत तार षड्जाची ओढ.

संगणक रेकॉर्डिंगमधला प्रत्येक स्वर किती वेळ लागला याचा आलेख काढू शकतो. भूपाच्या आलेखात गंधाराची उंची दिसेल, देसकाराच्या आलेखात धैवताची. एवढ्यावर बरेचदा राग बरोबर निघतो. पण नुसत्या अशा आलेखात कुठला स्वर कशानंतर आला हे हरवतं. त्यासाठी स्वरवाक्यं वेगळी शोधावी लागतात, आणि तसे प्रयोगही होतात.

राग ही काय वस्तू, याचं उत्तर मतंग या प्राचीन संगीताचार्याने ‘बृहद्देशी’ या ग्रंथात दिलं आहे. स्वर आणि वर्ण यांनी सजलेला, लोकांच्या चित्ताला रंगवणारा विशिष्ट ध्वनी, तो राग. इथे ‘वर्ण’ म्हणजे आरोही, अवरोही असं स्वरांचं चालणं. व्याख्येत स्वर आहेत, त्यांची चाल आहे आणि ऐकणाराही आहे. तेव्हा राग आरोह-अवरोहाच्या पट्टीत नाही, आणि एखाद्या चिजेतही (बंदिशीतही) नाही, कारण चीज बदलली तरी राग राहतो. बोलीची उपमा आम्हाला जवळची वाटते. वऱ्हाडी आणि मालवणी बोलणारे बरेच शब्द तेच वापरतात. पहिल्या वाक्यात हेल कळतो, आणि तो व्याकरणाच्या पुस्तकातून उचलता येत नाही.

मेलबर्नमध्ये राहते. डिसेंबरात इथे सूर्य पावणेनऊला मावळतो, जूनमध्ये पाच वाजून गेल्यावर लगेच. मग मारवा घड्याळाने गायचा की सूर्याने? आणि रागाची वेळ हे ज्ञान आहे की नुसती रीत? (मेलबर्न)

सूर्याने. मारवा संधिप्रकाश राग आहे, आणि संधिप्रकाश घड्याळात नसतो. डिसेंबरात साडेआठला बसा, जूनमध्ये पाचला.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. संगीतशास्त्रकार विष्णु नारायण भातखंडे यांनी वेळेचे नियम स्वरांवरून मांडले. कोमल रिषभ आणि शुद्ध गंधार असलेले राग सूर्योदय-सूर्यास्ताच्या आसपासचे. मध्यम शुद्ध असला की ओढा पहाटेकडे, तीव्र असला की सायंकाळकडे. वादी पूर्वांगात (सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात) असला तर दुपारी बारा ते रात्री बारा, उत्तरांगात (वरच्या अर्ध्यात) असला तर रात्री बारा ते दुपारी बारा. भूपाचा गंधार आणि देसकाराचा धैवत या शेवटच्या नियमात चपखल बसतात. पण तोडीत तीव्र मध्यम आहे आणि तोडी सकाळची. मल्हार पावसाळ्यात आणि बसंत वसंतात केव्हाही चालतो. म्हणजे भातखंड्यांनी आधीपासून चालत आलेली रीत पाहिली, तिच्यात नियम शोधले, आणि जिथे नियम तोकडे पडले तिथे रीतच टिकली.

कर्नाटक संगीतात मारव्याचेच स्वर गमनाश्रम नावाच्या मेळात (स्वरसंचात) आहेत, आणि तिथे आज मैफलीत वेळेचं बंधन असं नाही. तेव्हा सायंकाळ स्वरांच्या कंपनांत नाही, हे मान्य केलं पाहिजे. पण जे निसर्गात नाही ते खोटं, असा अर्थ काढू नका. आपल्याकडे काकडआरती पहाटेचीच, दिवेलागणीला ‘शुभं करोति’च. शेकडो वर्षं त्या त्या वेळी ऐकलेल्या स्वरांना ती वेळ चिकटते आणि ऐकणाऱ्याच्या मनात खरंच काम करते. भाषेतल्या अर्थाचंही तसंच असतं. ‘आई’ या आवाजात आई नाही, तरी शब्द खोटा नाही. (एक गंमत : देवाला उठवताना म्हणायची ती भूपाळी, आणि राग भूप मात्र संध्याकाळचा. नावावरून वेळ ठरवू नये.)

परदेशात मुलांना शिकवत असाल तर एक करा. शनिवारच्या दुपारच्या क्लासात भैरव शिकवावाच लागतो, तो शिकवा. पण महिन्यातून एकदा त्यांना पहाटे उठवून अर्धा तास तोच भैरव ऐकवा. नियम पाठ करून घेण्यापेक्षा हे पुरेल.

एकच बंदिश दोन गुरूंकडे दोन प्रकारे ऐकली. भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकात तिसरीच. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, तीसुद्धा वेगळ्या शब्दावर. खरी कोणती? आणि स्वरलिपी असताना गुरूची गरज का? (बेळगाव)

गाथेतल्या एखाद्या अभंगाचे दोन पाठ मिळाले तर आपण दोन्ही जपून ठेवतो, पण गाताना एकच म्हणतो. बंदिशीचंही तसंच करावं. मूळ बंदिश बांधणाऱ्याच्या हातची क्वचितच सापडते. जे मिळतं ते कुणाच्या तरी कंठातून आलेलं असतं.

तरी पाठ तपासता येतो. मुखडा (बंदिशीच्या सुरुवातीचा तुकडा) समेवर आपोआप येतो की ओढून आणावा लागतो? सम अर्थाच्या शब्दावर आहे की एखाद्या ‘के’, ‘से’वर? शब्द मध्येच तुटतो का? स्वरांतून रागाचं चलन निघतं का, की कुठे दुसऱ्या रागाची छाया पडते? या चार कसोट्यांवर बहुतेक वेळा एक पाठ पुढे येतो. दोन्ही टिकले तर ज्या गुरूंकडे बसता त्यांचा गा, आणि दुसरा वहीत कुणाकडून ऐकला त्या नावासह लिहून ठेवा. क्रमिक पुस्तकाच्या सहा भागांचं मोल इथेच आहे. घराण्याच्या पेटीत कुलूपबंद असलेल्या चिजा त्यांतून सगळ्यांपुढे आल्या. ते उपकार फार मोठे आहेत, आणि मूळ पुस्तकं मराठीत आहेत याचा आपल्याला अभिमान वाटावा.

पण त्या लिपीत काय मावतं ते पाहा. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्राला खाली टिंब, तारेला वर टिंब, मींडेला (एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं) वर कमान, कणस्वर (दुसऱ्या स्वराचा ओझरता स्पर्श) डोक्यावर बारीक अक्षरात. ‘म’कडून ‘रे’कडे कमान काढली की मींड आहे एवढं कळलं. ती किती वेळात उतरते, वाटेत गंधाराला किती स्पर्श करते, शेवटी आवाज कमी होतो की तसाच राहतो, हे कमानीत नाही. दरबारीच्या गंधाराला रेघ काढता येते, झोका काढता येत नाही. ‘पिया’तला ‘या’ कुठल्या मात्रेला उघडतो ते लिहिता येतं. तो कसा उघडतो ते नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी गुरूंकडून बंदिश तोंडी घ्या, निदान दोन बैठकी काहीही न लिहिता. मग ध्वनिमुद्रण ऐकून स्वतः स्वरलिपी लिहा : आधी तालाचे खंड आखा, समेची खूण करा, मुखडा कितव्या मात्रेपासून उठतो ते लिहा, मग स्वर, मग कण. लिहिलेलं पाहून गा आणि गुरूंना ऐकवा. ते जिथे थांबवतील तिथे लिपीत न मावलेली गोष्ट असते. समासात ती शब्दांत लिहा : ‘इथे घाई नको’, ‘धैवत निषादाला टेकून’. काही वर्षांनी वहीचा समासच जास्त उपयोगी पडतो. उलट क्रमाने, म्हणजे पुस्तकावरून आधी बसवून मग गुरूंकडे गेलात, तर चुकीची मींड गळ्यात पक्की होते, आणि ती काढायला नवी शिकण्यापेक्षा जास्त दिवस लागतात.

हार्मोनियम युरोपातून आली. आकाशवाणीने तिच्यावर बंदीही घातली होती. तरी भजन, कीर्तन, नाटक तिच्याशिवाय होत नाही. मग ती आपली की परकी? (मडगाव)

वाद्य कुठून आलं यावर ते आपलं ठरत नाही, त्याच्यावर आपण काय वाजवायला शिकलो यावर ठरतं. पायपेटीची हातपेटी इथे झाली. नाट्यसंगीताची संगत इथे घडली, आणि गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी एकल वादनाला मान मिळवून दिला. आकाशवाणीची बंदी १९४०ची, ती सैल झाली १९७१मध्ये. इतक्या वर्षांत गावोगावच्या देवळांतून पेटी हलली नाही.

पण आक्षेपात तथ्य होतं, ते झाकू नये. पेटीचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातल्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो, धैवत १६ सेंट. काळी चारच्या पट्टीत दोन्ही गंधार एकदम वाजले तर सेकंदाला साधारण चार डोल पडतात. म्हणून यमनाच्या संगतीत गंधारावर पट्टी दाबून बसू नये. गायक गंधारावर थांबला की पेटीने षड्ज-पंचमावर यावं, आवाज निम्मा करावा. मींड दाखवायला मधल्या पट्ट्यांवरून धावू नये, शेवटचा स्वर तेवढा धरावा. सूर घासून उतरवता येतो, आतली पितळी जीभ मुळाशी घासली की स्वर उतरतो, टोकाशी घासली की चढतो. पण मग ती पेटी एकाच पट्टीची होऊन बसते. डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची हार्मोनियम तयार केली ती याच अडचणीतून.

साठ वर्षं भजनाला आणि मैफलीला जातो. राग ओळखता येत नाही. मला गाणं कळलं असं म्हणता येईल का? (सोलापूर)

येईल. नाव सांगता येणं हा कळण्याचा एक भाग आहे, आणि तो सर्वात मोठा नाही. गायक आलाप करत असताना पुढचा स्वर आधीच मनात येतो का? समेच्या आधी अंग आपोआप पुढे झुकतं का? कुणी बेसूर लागलं तर चेहरा बदलतो का? हे तिन्ही होत असेल तर रागाचं चलन तुमच्या कानात आहे, फक्त त्याच्यावर चिठ्ठी चिकटवलेली नाही. मतंगाच्या व्याख्येतला रंगणारा जन तो तुम्हीच.

चिठ्ठी हवीच असेल तर नव्याने पाठांतर नको. जे भजन तोंडपाठ आहे त्याचा राग कुणाला तरी विचारून घ्या. मग त्याच रागाचा एखादा मोठा ख्याल ऐकायला बसा आणि मनात भजनाची ओळ म्हणत राहा. ख्यालात ती ओळ कुठे कुठे डोकावते ते पाहा. असे आठ राग झाले की मैफलीत निदान एखाद्याचं नाव तरी आपोआप ओठांवर येईल. ताल अजून धरता येत नसेल तर आधी विलंबित एकतालाच्या बारा मात्रा बोटांच्या पेरांवर मोजायला घ्या, एका बोटाची तीन पेरं, चार बोटं. अंगठा करंगळीच्या पहिल्या पेरावर परत आला की सम. सुरुवातीला अंगठा मागे पडेल किंवा पुढे धावेल. तेव्हा मोजणं सोडून तबल्याचा ‘धिं’ ऐका आणि पुढच्या समेला पुन्हा सुरू करा.